बॉयलरपुढची चार मिनिटं

आत्याचा आवाज गेला तेव्हा घरात कोणालाही फारसं दुःख झालं नाही. खोटं कशाला बोला? डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली, गाठ साधी निघाली, त्याचा आनंद सगळ्यांना झाला आणि तो अगदी खरा होता. पण "महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही" असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा थोरला, त्याची बायको वहिनी, बहीण शिट्टी आणि धाकटा या चौघांनी एकमेकांकडे न बघता असा काही श्वास सोडला की खिडकीचा पडदा हलला. शहात्तर वर्षं ज्या तोंडाने कोणाला उसंत दिली नव्हती, त्याला महिनाभर सुट्टी!

हा आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी आत्याने पाटी आणि खडू मागवला.

"यापेक्षा बोलणं परवडलं," धाकटा म्हणाला. "बोललेलं ऐकू आलं नाही असं तरी सांगता येतं. ही पाटी नाकासमोर धरते. आता काय, मला वाचता येत नाही म्हणू?"

आणि पाटीवर आत्या काही कमी लिहीत नव्हती. वहिनीने चहा आणला की "पाणी गरम करून आणलंस, उपकार झाले." थोरला कचेरीतून उठला की "बसून बसून खुर्ची दमली असेल." धाकट्याची डिलिव्हरीची गाडी फाटकाला घासली, तर पाटीवर नुसतं एक चित्र, त्यात गाडीही होती, फाटकही होतं आणि गाढवाचे कान असलेला एक माणूस होता.

रविवारी घरची लाँड्री बंद असते. त्या दुपारी आत्याने काउंटरवरची घंटा बडवून सगळ्यांना छाननीच्या खोलीत बोलावलं. लांबलचक टेबल, त्याच्यावर हॉटेलांच्या चादरी एका बाजूला, इस्पितळाच्या दुसऱ्या बाजूला, आणि साबणाचा तो वास, जो या घरातल्या माणसांना आता येतही नाही. चौघं बसले. आत्याने पाटी वर केली.

"आवाज यापुढे जपायचा आहे. मी थांबते."

तिने बाहीने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

"उद्या सकाळी बॉयलरपुढची प्रार्थना जो म्हणेल, किल्ली त्याची."

किल्ली म्हणजे बॉयलरच्या खोलीची किल्ली. आत्याच्या वडिलांनी लाँड्री काढली तेव्हापासून ती एका दोरीत ओवलेली आहे, आणि ज्याच्या गळ्यात ती दोरी, त्याचा शब्द लाँड्रीत शेवटचा. वडिलांनंतर ती धाकट्या भावाकडे न जाता आत्याकडे आली, त्यावरून घरात जे रामायण झालं ते सगळ्यांना पाठ आहे. तो भाऊ म्हणजे थोरला, शिट्टी आणि धाकटा या तिघांचे वडील. त्यांनी स्वतः एका शब्दाने कधी तक्रार केली नाही, तक्रारी सगळ्या दुसऱ्यांनीच केल्या.

"एवढंच ना!" थोरला हसला. बावन्न वर्षांच्या माणसाने हसावं तसं नाही, लहान मुलाच्या हातात खेळणं यावं तसं. "मी थोरला. मीच म्हणणार. काय रे?"

"म्हण की," धाकटा म्हणाला. "येते ना?"

"म्हणजे काय! लहानपणापासून रोज म्हणतोय."

"हो ना. आपण सगळेच."

"सगळेच," वहिनीने री ओढली.

आत्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तिला हसू दाबावं लागत होतं, आणि टाके ताजे असल्यामुळे हसणंही मना होतं. बिचारी फार हाल सोसत होती.

थोरल्याच्या मनात काय होतं ते आत्याला माहीत होतं. शहराबाहेर कपडे धुण्याचा एक मोठा कारखाना उभा राहिला होता. तिथला माणूस सोमवारी अकरा वाजता करारावर सही घ्यायला यायचा होता. सगळी धुलाई तिकडे जाणार, कपडे घडी होऊन परत येणार, इथे फक्त काउंटर राहणार आणि बॉयलर भंगारात. सही मात्र किल्लीवाल्याची लागणार होती.

आणि बॉयलर भंगारात म्हणजे शिट्टी भंगारात. तीस वर्षं ती तो बॉयलर चालवत होती. त्याची परीक्षा देऊन परवाना काढलेली घरातली ती एकटीच. शिट्टीचं लग्न दोन वर्षं टिकलं, बॉयलर तीस वर्षं. तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही नकोच होतं.

"मी म्हटली तर?" शिट्टी म्हणाली.

थोरला इतका हसला की त्याला ठसका लागला. "तू? शिट्टे, तू तर आधीच बाद आहेस."

त्यात खोटं काही नव्हतं. सात वर्षांची असताना प्रार्थना चालू असताना तिने तोंडाने शिट्टी वाजवली होती, आणि आत्याने तिथल्या तिथे थोबाडीत मारली होती. तिथूनच हे नाव पडलं. त्या दिवसापासून तिने प्रार्थनेला ना डोळे मिटले ना ओठ हलवले. सगळे माना खाली घालून उभे असायचे आणि ही बाई डोळे टक्क उघडे ठेवून बॉयलरकडे बघत असायची. मोठी झाल्यावर तिनेच जाहीर केलं होतं, "माझा विश्वास नाही. मी बॉयलरची काच बघते, तुम्ही देवाला बघा."

*

"अहो, मग म्हणा तरी एकदा," वहिनी म्हणाली.

दोघं वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत होते. थोरला येरझारा घालत होता. भिंतीवर सासऱ्यांचा मोठा फोटो होता. सासऱ्यांना डावी भुवई अर्धीच होती, "दाढी करताना वस्तरा घसरला" असं ते सांगायचे. फोटो मोठा करून घेताना थोरल्याने फोटोग्राफरकडून ती भुवई पूर्ण भरून घेतली होती. डाव्या कानाने त्यांना ऐकू यायचं नाही, ते काही फोटोत भरता आलं नाही.

"काय म्हणू?"

"प्रार्थना. तालीम म्हणून."

थोरला थांबला. खिडकीतून बाहेर बघितलं, परत आला. "तू म्हण. मी चुका काढतो."

तेव्हा वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. या घरात लग्न होऊन आल्यापासून, सत्तावीस वर्षं, ती रोज सकाळी सहाला बॉयलरपुढे रांगेत उभी राहत होती. शिट्टी चिमणीची झडप उघडायची, मोठा पंखा चालू करायची. तो पंखा असा घरघरायचा की ओरडल्याशिवाय शेजारच्या माणसालाही ऐकू जाऊ नये. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे ओठ हलतायत. काही वेळाने आत्या मान वर करायची, "हं, लाव" म्हणून ओरडायची आणि शिट्टी पेटता पलिता आत घालायची. सुनेला प्रार्थना कोणी शिकवली नव्हती. पहिल्या दिवशी विचारायची लाज वाटली, वर्षाने तर आणखीच वाटली. मग तीही पुटपुटायला लागली, मनाला येईल ते. आपण एकटीच ढोंगी, असं तिला सत्तावीस वर्षं वाटत आलं होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्हालाही येत नाही?"

"येत नाही कशी? म्हणजे... शब्द नेमके आठवत नाहीत."

"पहिला शब्द?"

"तोच नेमका आठवत नाही."

वहिनी पलंगावर बसली आणि तोंडावर उशी धरून पोट दुखेपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "धाकट्या भावजींना विचारा."

"त्याला विचारू? म्हणजे उद्या तोच पुढे येऊन म्हणेल आणि किल्ली घेऊन बसेल. छे! तूच लिही काहीतरी. तुला शाळेत निबंधात बक्षीस मिळालं होतं ना? आत्याला बोलता तर येत नाही, चूक काय काढणार आहे? कागद घे तो समोरचा."

समोर कराराचा कागद होता, किल्लीवाल्याच्या सहीची जागा रिकामी असलेला. मागची बाजू कोरी होती. वहिनीने क्षणभर विचार केला. बॉयलर गेला की नवऱ्याला कचेरीत काम उरणार नाही. मग हा माणूस दिवसभर घरात. सकाळी चहात साखर किती इथपासून रात्री खिडकी किती उघडी इथपर्यंत, सूचनाच सूचना. तिला घामच फुटला.

तिने पेन उचललं आणि कराराच्याच पाठीवर लिहायला बसली. प्रार्थना आपोआप मनापासून उतरत गेली.

*

धाकटा तोवर खाली बॉयलरच्या खोलीत पोचला होता. रविवारीही शिट्टी तिथेच सापडते. ती बादलीत फडकं पिळून पाण्याच्या काचेची नळी पुसत होती. या नळीत बॉयलरच्या पोटातलं पाणी किती ते दिसतं. दोन लाल खुणा आहेत, पाणी त्यांच्या मधे हवं.

"ताई, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"हसणार."

"बरं, हस. तू डोळे उघडे ठेवतेस. आत्याचे ओठ तुला दिसत असतील. ती काय म्हणते गं?"

शिट्टी हसली नाही. तिने फडकं खाली ठेवलं. "म्हणजे तुला येत नाही?"

"वडिलांना एकदा विचारलं होतं. पण डावीकडून विचारलं."

"मग तू रोज काय पुटपुटतोस?"

"ते सोड ना. दादाला येते. त्याच्या आधी मी म्हटली तर किल्ली मला. मला करार-बिरार नको आहे, तुझी शपथ. त्या कारखान्याचे स्वतःचे ट्रक आहेत, मग माझ्या गाडीला कोण विचारतं? तू मला शब्द सांग, मी तुझा बॉयलर वाचवतो. सरळ हिशेब."

मनातल्या मनात शिट्टीला त्याचा मोह झाला. पण सांगणार काय? "अरे, मी काच बघत असते. काटा बघत असते. ओठ कशाला बघू? मला एवढंच माहीत आहे, आत्याची प्रार्थना बरोब्बर चार मिनिटांची असते. पाच सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. तीस वर्षं घड्याळ लावून बघितलंय."

"घड्याळ लावून? तू आत्याची प्रार्थना मोजतेस?"

"प्रार्थना कशाला मोजू? पंखा मोजते."

धाकट्याला त्यातलं काही कळलं नाही. तो जिना चढून आत्याच्या खोलीत गेला आणि सरळ पाया पडायच्या तयारीने म्हणाला, "आत्या, पहिली ओळ तेवढी लिहून दे. फक्त पहिली. पुढची मी ओढतो."

आत्याने पाटीवर लिहिलं, "चाळीस वर्षं रोज म्हणतोयस ना?"

तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं. हसू आवरेना, तसा तिने ओला रुमाल गळ्याला धरला. मग पाटी मांडीवर घेऊन ती बसली. उद्या काय होईल ते तिलाही नक्की माहीत नव्हतं. तिघांपैकी एकावर तिचा भरवसा होता, आणि तो खोटा ठरला असता तर किल्ली ठेवायची कोणाकडे हा प्रश्नच पडला असता. देवाला सांगावं म्हटलं तर सवय एकाच जागेची, बॉयलरपुढची. खोलीत बसून तिला काही सुचेना.

*

सोमवारी सहाला पाच कमी असताना सगळे रांगेत होते. आत्या पाटी घेऊन, तिच्या शेजारी वहिनी, मग धाकटा, मागे इस्त्रीवाल्या दोघी. थोरल्याने कडक कॉलरचा शर्ट घातला होता आणि हातात घडी केलेला कागद होता. बॉयलरपाशी लोखंडी तिवईवर पलिता पेटून तयार होता. शिट्टीने चिमणीची झडप उघडली, दाराशेजारचं बटण दाबलं. पंखा घरघरला.

थोरल्याने कागद उघडला, तोंड उघडलं आणि बंद केलं. एवढी सुंदर प्रार्थना आणि ऐकणार कोण? त्याने हातवारे करून शिट्टीला खुणावलं, पंखा बंद कर.

"काय?" शिट्टी ओरडली.

"बंद कर! ऐकू जात नाही!"

"ऐकू जायचं कशाला?"

थोरल्याने स्वतःच जाऊन बटण बंद केलं. खोलीत एकदम अशी शांतता झाली की इस्त्रीवाल्यांपैकी एकीची शिंक घुमली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी प्रार्थना ऐकवणार होतं. धाकट्याने कान टवकारले. चला, निदान आज तरी कळेल.

थोरला घसा खाकरून वाचू लागला.

"हे कृपाळा, हे निर्मळा, आम्हा धुणाऱ्यांवर लक्ष असू दे. डाग जावोत, रंग न जावोत. बटणं शाबूत राहोत. हरवलेले मोजे जोडीने परत येवोत. गिऱ्हाइकाला सद्बुद्धी दे, आणि ती नसेल तर त्याला दुसरी लाँड्री दे. आणि या घरातल्या कर्त्या पुरुषाला..." इथे थोरला जरा अडखळला, पण वाचत गेला, "...या घरातल्या कर्त्या पुरुषाला घराबाहेर भरपूर काम दे, रोज दे, जन्मभर दे."

वहिनीची मान खूपच खाली होती. खांदे हलत होते.

"हं, लाव!" थोरला म्हणाला.

शिट्टी जागची हलली नाही.

"लाव म्हटलं ना."

"नाही."

"नाही म्हणजे? प्रार्थना झाली."

"अर्ध्या मिनिटात झाली," शिट्टी म्हणाली. "आणि पंखा बंद. आधी पंखा चार मिनिटं फिरणार, मग मी लावणार."

"प्रार्थनेचा आणि पंख्याचा काय संबंध?"

"ते मला काय माहीत! मला बॉयलर माहीत आहे. बर्नर जुना आहे, रात्रभर तेल थेंब थेंब गळतं. त्याचा वायू आत साठतो. पंख्याने तो चिमणीतून बाहेर काढायला चार मिनिटं लागतात. त्याआधी पलिता दाखवला तर आग आत नाही, बाहेर येते. तुझ्या तोंडावर."

"तीस वर्षांत कधी बोलली नाहीस!"

"तीस वर्षांत कधी कोणी पंखा बंद केला नाही."

थोरल्याचा चेहरा लाल झाला. त्याला खरोखरच वाटलं की हे सगळं अकरा वाजताची सही अडवायला चाललंय. बाकीच्यांनाही तसंच वाटत असेल, असं त्याला वाटलं, आणि इस्त्रीवाल्या बघत होत्या. मोठ्या माणसाला घरच्यांसमोर माघार जमते, इस्त्रीवाल्यांसमोर नाही जमत.

"तुझ्यावाचून काय पेटत नाही?" असं म्हणत त्याने तिवईवरचा पलिता उचलला.

शिट्टी बर्नरच्या तोंडाला पाठ लावून उभी राहिली. "दादा, खाली ठेव."

"बाजूला हो."

"दादा, मी हलणार नाही. हवं तर मला पेटव."

"नाटकं करू नकोस!" त्याने तिच्या खांद्यावरून हात पुढे नेला.

तेवढ्यात त्याच्या मनगटावर पाटी बसली. आत्याने ती दोन्ही हातांनी हाणली होती, आणि शहात्तर वर्षांच्या बाईने हाणावी त्यापेक्षा बरीच जोरात. पाटीचे दोन तुकडे झाले. पलिता सुटून बादलीत पडला, चर्र झालं. दुसऱ्या हातातला कागद सुटला तोही त्याच बादलीत. पुढची बाजू करार, मागची बाजू प्रार्थना, दोन्हींची शाई सुटायला लागली.

शिट्टीने धावत जाऊन पंखा लावला. बॉयलरला घाबरायची सवय तिला नव्हती, पण आज ती घाबरली होती, आणि सगळ्यात जास्त दादासाठी.

पंख्याच्या घरघरीत आत्याने पाटीचा मोठा तुकडा उचलला, खडू शोधला आणि लिहून थोरल्यासमोर धरला.

"तुझ्या बापाची भुवई."

थोरल्याने वाचलं. त्याला कळेना. आत्याने पुसून पुन्हा लिहिलं, "वस्तरा नाही." आणि बर्नरच्या तोंडाकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या डाव्या कानावर हात ठेवला.

थोरला मनगट धरून उभा होता. आपण फोटोत भुवई भरून घेतली, ती कशाने गेली होती ते त्याला आता कळलं. ज्या कानाशी उभं राहून तिघं भावंडं लहानपणी वडिलांची टिंगल करायची, तो कान याच खोलीत गेला होता, अशाच सकाळच्या घाईत. त्याचे डोळे भरून आले. ते त्याने पुसलेही नाहीत.

आत्या लिहीत होती, पुसत होती, लिहीत होती. थोरला तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या वडिलांना घाई, पंख्यासाठी न थांबताच पलिता लावला. तुकडा लहान होता, त्यामुळे वाक्यं आपोआप आखूड येत होती. शेवटचं तिने जरा मोठ्या अक्षरात लिहिलं आणि रांगेतल्या प्रत्येकाला फिरवून दाखवलं.

"थांबा म्हटलं की कोणी थांबत नाही. प्रार्थना म्हटलं की थांबतात. म्हणून माझ्या वडिलांनी प्रार्थना काढली."

"मग शब्द?" धाकटा ओरडला. "शब्द कोणते?"

आत्याने खांदे उडवले. शब्द नव्हतेच.

पंख्याच्या आवाजात सगळे एकमेकांकडे बघू लागले. पहिली वहिनीच ओरडली, "मी तर रोज यांच्या घोरण्याची तक्रार करायची!"

"मी एकोणतीसचा पाढा!" धाकटा ओरडला. "लहानपणी पाठ व्हावा म्हणून. अजून होत नाही!"

"सत्तावीस वर्षांत घोरणं थांबलं का?" आत्याने वहिनीला लिहून विचारलं.

"थांबलं नाही. पण मला झोप लागायला लागली!"

सगळ्यांची तोंडं थोरल्याकडे वळली. थोरला नाक ओढत म्हणाला, "आपली पाटी. बाहेरची. 'चोवीस तासांत परत, नंतर तक्रार चालणार नाही.' तीच म्हणायचो."

इस्त्रीवाल्या दोघी भिंतीला धरून हसत होत्या. त्या काय म्हणायच्या ते त्यांनी कितीही विचारलं तरी सांगितलं नाही.

"आणि आत्या, तू?" शिट्टीने विचारलं. "तू चार मिनिटं काय म्हणायचीस?"

"शिव्या," आत्याने लिहिलं.

"कोणाला?"

"एकेकाचं नाव घेऊन. थोरल्याला सव्वा मिनिट. धाकट्याला एक. सुनेला पाऊण." तिने पुसलं. "बाकी मेलेल्यांना. ज्याचं नाव घ्यायचं राहिलं, त्या दिवशी त्याची काळजी लागायची."

धाकट्याने आत्याच्या खांद्यावर हात टाकला, तो तिने झटकला नाही.

शिट्टी मात्र तिथेच उभी होती. रांगेत नाव राहिलेल्या माणसासारखी. मग तिने विचारलं, "आणि मला?"

आत्या थांबली. खडू पाटीवर टेकवला, उचलला. तिला खरंच लाज वाटत होती, आणि ती तिच्या चेहऱ्यावर कोणी आजवर बघितली नव्हती. तिने हळूहळू लिहिलं आणि तुकडा शिट्टीकडे केला.

"तुझं नाव शेवटी. तुझ्यासाठी : हं, लाव."

शिट्टीने ते दोनदा वाचलं. आत्याने गळ्यातली दोरी काढली. किल्ली शिट्टीच्या हातावर ठेवली आणि थोरल्याकडे बघितलं. थोरल्याने बादलीकडे बघितलं. कराराच्या कागदाचा लगदा झाला होता.

"अकराला तो येईल," थोरला म्हणाला, "त्याला सांगतो. कागद धुलाईत गेला. चोवीस तासांत परत मिळणार नाही."

"अहो, आणि वर तक्रारही चालणार नाही," वहिनी म्हणाली.

"पण मला प्रार्थना येत नाही," शिट्टी म्हणाली.

"मला तरी कुठे येते," आत्याने लिहिलं. मग त्याखाली, "चला, पुन्हा पहिल्यापासून."

पंखा चालूच होता, पण शिट्टीने घड्याळ बघून चार मिनिटं पुन्हा नव्याने धरली. धाकट्याने दुसरा पलिता पेटवला. रांग नीट झाली. आत्या आज पहिल्यांदाच रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. शिट्टी तिच्या जागी आली. तिने सवयीने काचेकडे बघितलं आणि तशीच बघत राहिली.

वहिनीच्या लक्षात आलं. ती रांगेतून बाहेर आली आणि शिट्टीच्या कानाशी ओरडली, "काय बघायचं असतं?"

"पाणी! दोन लाल खुणांच्या मधे! आणि हा काटा हलता कामा नये!"

"मी बघते. हललं तर ओरडेन. तुम्हाला माझा आवाज माहीत आहे."

शिट्टीने वहिनीकडे बघितलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा वहिनीकडे. वहिनी काचेवरून नजर हलवत नव्हती. तेव्हा शिट्टीने डोळे मिटले. सात वर्षांची असल्यापासून पहिल्यांदाच.

बराच वेळ तिचे ओठ बंद होते. मग हलायला लागले. धाकट्याने एक डोळा उघडून बघायचा प्रयत्न केला, तर शेवटी उभ्या असलेल्या आत्याने पाटीचा छोटा तुकडा त्याच्या पाठीत टोचला.

चार मिनिटं झाली. पाच सेकंद इकडे नाही की तिकडे नाही.

"हं, लाव!" शिट्टी ओरडली. थोरल्याने सुजल्या मनगटाने पलिता आत धरला आणि बॉयलर एकदाचा पेटला. ती चार मिनिटं काय म्हणत होती, ते तिला कोणीही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं, ते आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं.